आधी फाटक, मग दार

मक्याच्या शेतातून बिनडोक्याचं काहीतरी बाहेर आलं आणि मी सायकलवरून पडले.

दूध संकलन केंद्रावरचं काम आटोपून मी रोजच्या कच्च्या रस्त्याने घरी निघाले होते. दोन्ही बाजूंना मका माणसाच्या डोक्यावर गेलेला. वारा नसतानाही पानांची सळसळ चालूच. गावात बरेच दिवस कुजबुज होती: त्याला चार पाय आहेत, शेपूट आहे, पण डोक्याच्या जागी काहीतरी चकचकतं आणि आत श्वास घुमतो. केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या बायका ते सांगायच्या तेव्हा मी हसत असे. आता ते माझ्यापासून चार हातांवर उभं होतं आणि त्याचा श्वास खरोखर घुमत होता.

"हलू नका," मागून कोणीतरी म्हणालं.

"हलायला पाय मोकळा पाहिजे ना! सायकलखाली आहे तो."

मागे एक जुनी व्हॅन उभी होती. तिच्यावर पाण्याच्या पंपाचं चित्र होतं. व्हॅनमधून उतरलेल्या माणसाच्या हातात भला मोठा पाना होता आणि तोंडावरचा रंग उडालेला होता.

"भूत आहे का?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

"कुत्री आहे. डोकं प्लॅस्टिकच्या बरणीत अडकलंय."

"मग तुम्ही एवढ्या थरथरताय कशाला?"

"तुम्ही पाना कशाला धरलाय?"

त्याने पान्याकडे पाहिलं आणि तो हळूच जमिनीवर ठेवला. मग माझी सायकल उचलली.

कुत्री पळाली नाही, कारण पळायला तिच्यात जीवच उरला नव्हता. बरणीच्या बुडाला एक चीर होती म्हणून ती इतके दिवस तगली होती. बरणीची कड मानेत रुतून बसली होती. ओढून काढणं शक्यच नव्हतं. त्याने व्हॅनमधून पाइप कापायची करवत आणली. मी गळ्यातला मफलर काढून बरणी आणि मान यांच्यामध्ये बोटाबोटाने सरकवला. करवतीचं पातं आणि त्या मुक्या जिवाचा गळा यांच्यामध्ये आता फक्त लोकर होती.

"हात स्थिर ठेवा," मी म्हणाले.

"ठेवतोय. तुम्ही माझ्या हाताकडे बघताय ना, म्हणून हलतो."

"मग कुठे बघू?"

त्याचे कान लाल झालेले मला संधिप्रकाशातही दिसले... आणि का कोण जाणे, माझी भीती जराशी सैल झाली.

बरणी दुभंगली. आतून एक पिवळसर, हडकलेलं तोंड बाहेर आलं. ना भुंकणं, ना कुंईकुंई. तिने फक्त माझ्या मफलरमध्ये नाक खुपसलं आणि डोळे मिटले.

आम्ही तिला मुकी म्हणायला लागलो. त्या गडबडीत माझा मफलर मात्र हरवला. दुसऱ्या दिवशी मी त्या रस्त्यावर जाऊन शोधून आले. मिळाला नाही.

*

आमचा निवारा गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आहे. चालवतात निवृत्त कंडक्टरकाका. ते अजूनही कुत्र्यांना "चला, आत सरका, मागे जागा आहे" म्हणतात. त्यांच्याबरोबर आम्ही पाच-सहा जण, ज्यांना कामानंतर दुसरा उद्योग नाही असं आमच्या घरच्यांचं ठाम मत आहे. टाकून दिलेली, जखमी, उपाशी कुत्री आणायची, बरी करायची आणि आसपासच्या गावांत चांगलं घर बघून द्यायची, एवढंच आमचं काम.

शेडच्या भिंतीवर मी स्वतः निळ्या रंगाने लिहिलं आहे: आधी फाटक, मग दार. कुत्रं नव्या घरी नेलं की आधी आवाराचं फाटक लावायचं, कडी हलवून बघायची आणि मगच गाडीचं दार उघडायचं. घाबरलेल्या जनावराला नव्या जागी एकच गोष्ट सुचते. पळणं. आणि एकदा पळालं की ते आपल्या माणसालाही ओळखत नाही, हाक मारली तर आणखी लांब जातं. मग उपाय एकच. ओळखीच्या वासाची एखादी वस्तू जमिनीवर ठेवायची, पाठ फिरवून बसायचं, नेहमीच्या आवाजात बोलत राहायचं आणि त्याच्याकडे अजिबात बघायचं नाही. बघणारा माणूस धरायला आलाय, असं त्याला वाटतं.

पंपवाला मुकीला बघायला आला. मग आमचा पंप बघायला आला. मग पंप बघायला वारंवार यायला लागला.

"काय रे," कंडक्टरकाकांनी एकदा विचारलं, "आमच्या पंपाला दर आठवड्याला ताप कसा येतो?"

"पाणी जड आहे इथलं, काका."

"पाणी जड आहे, की तुझा इथून पाय निघत नाही?"

मी मान खाली घालून मुकीच्या मानेला मलम लावत राहिले. मुकी माझ्याच हातून खायची. माझ्या बाहीत नाक घालून झोपायची. कारण उघड होतं. दिवसभर दुधाच्या कॅनमध्ये हात घालून माझ्या अंगाला आंबूस वास बसला होता. घरात सगळे नाक मुरडायचे. मुकीला मात्र तो वास म्हणजे बरणीतून सुटल्यावरचा पहिला श्वास होता.

मग एक दिवस तो म्हणाला, "मुकी मी नेतो."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि आई."

"आईंना कुत्री आवडतात?"

"कुत्र्यांना घाबरते ती. पण ही भुंकत नाही म्हटल्यावर तयार झाली."

"तुम्ही दिवसभर कामावर असता."

"व्हॅनमधून बरोबर नेईन. पुढच्या सीटवर बसवेन."

"आणि कंटाळा आला तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "सगळ्यांना असंच उलटसुलट विचारता?"

"सगळ्यांना."

"हवालदार झाल्या असतात तर चोर आपणहून आले असते. बरं, तुमच्याकडे किती कुत्री?"

"एकही नाही."

"का?"

"मी देते. ठेवत नाही."

"पण का?"

"प्रश्न मी विचारतेय," मी म्हणाले आणि भांडं पुन्हा उचललं.

त्या दिवसापासून मी हवालदार झाले. त्याचं घर बघायला गेले तेव्हा मी कुंपणाची उंची पाहिली, फाटकाखालच्या फटीत हात घालून पाहिला, कडी ओढून पाहिली. त्याची आई ओट्यावरून हे सगळं मुकाट्याने बघत होती. शेवटी म्हणाली, "पोरी, घर बघून झालं असेल तर माझा पोरगाही एकदा बघून घे. कडी त्यालाही नीट लागत नाही."

*

मुकीला न्यायचा दिवस उजाडला तेव्हा चांगलं ऊन होतं. दुपारी मात्र आभाळ भरून आलं आणि बारीक, गार भुरभुर सुरू झाली. मला सुट्टी होती. मी दोनदा आंघोळ केली. बहिणीचं अत्तर मनगटाला लावलं. नवा ड्रेस घातला. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

व्हॅनमध्ये मुकी माझ्या मांडीवर होती. तिचं अंग थरथरत होतं आणि ती पुन्हा पुन्हा माझ्या हाताचा वास घेऊन तोंड फिरवत होती. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आम्ही त्याच्या आवारात शिरलो. त्याने इंजिन बंद केलं, उतरला आणि माझ्या बाजूला येऊन खिडकीत वाकला.

"नवा ड्रेस?"

"जुनाच आहे."

"मग मागे दुकानाचं लेबल का लोंबतंय?"

मी मानेमागे हात नेला. सापडेना. "थांबा," तो म्हणाला, आणि त्याची बोटं माझ्या मानेपाशी आली. पावसाने गार झालेली, किंचित ग्रीसचा वास असलेली बोटं. दोरा तुटल्याचा बारीकसा आवाज झाला. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मला त्या खिडकीतून, त्या नजरेतून कुठेतरी निसटायचं होतं... आणि मी दार उघडलं.

फाटक त्याने लावायचं होतं. कडी मी हलवून बघायची होती. आम्हा दोघांच्या मागे फाटक सताड उघडं होतं.

पट्ट्याचा दोर माझ्या तळहातातून चामडी सोलत गेला. एक पिवळी रेघ फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडून मक्यात घुसली. पानं थोडा वेळ हलली आणि थांबली.

"मुकीऽऽ!" तो ओरडत धावला.

"गप्प बस!" मी किंचाळले. "हाक मारू नकोस! हलू नकोस तू!"

तो जागच्या जागी थांबला. कोणावर तरी मी पहिल्यांदा एवढ्या जोरात ओरडले होते. माझ्या तळहाताला रक्त येत होतं आणि मक्यापलीकडच्या मोठ्या रस्त्यावर ट्रक भोंगे वाजवत जात होते. मुकीच्या पट्ट्याला माझ्या हातातून सुटलेला लांब दोर तसाच होता. तो कुठे अडकला तर ती तिथेच गुरफटून पडणार होती. नाही अडकला तर ती रस्त्यावर जाणार होती. यातलं काय बरं, हे मला ठरवता येईना.

त्याची आई दाराशी येऊन उभी राहिली. "पळाली?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

"माझ्यामुळे," तो त्याच वेळी म्हणाला.

"ते नंतर वाटून घ्या. आधी तिकडे बघा," आई म्हणाली.

रस्त्याने मेंढरांचा कळप येत होता. मागून मेंढपाळ, खांद्यावर ओलं घोंगडं आणि हातात झाकण लावलेली बादली. फाटकापाशी थांबून त्याने आमची तोंडं पाहिली.

"कुत्रं सुटलं काय तुमचं?"

"हो. पिवळी कुत्री आहे. बारीक. तुम्हाला दिसली का?"

"दिसली नाही, आणि दिसली नाही तेच बरं." त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. "या आठवड्यात माझी दोन कोकरं गेली. मोकाट कुत्र्यांची टोळी आहे मक्यात. आज मी मटणाला औषध लावून आणलंय. मेंढरं कोंडली की बांधाबांधाने टाकत जाणार."

"आजचा दिवस थांबा. आम्ही ती टोळी पकडून नेऊ. हेच काम आहे आमचं."

"आज थांबलो तर रात्री आणखी एक कोकरू जाईल. तुम्हाला तुमचं एक कुत्रं, मला माझी मेंढरं." तो चिडून बोलत नव्हता, थकून बोलत होता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "मेंढरं कोंडेपर्यंत काय तो वेळ. त्यात शोधा."

मेंढरं कोंडायचं वाडगं तिथून दिसतच होतं, पुढच्या वळणावर.

मी काकांना फोन लावला. "काका, मुकीचं अंथरूण घेऊन ताबडतोब या. जसं आहे तसं."

पलीकडे काकांनी घसा खाकरला.

"काका?"

"अगं... सकाळी ऊन पडलं होतं ना. सगळी अंथरुणं फिनेलच्या पाण्यातून काढली. तारेवर होती, आता भिजतायत."

"सगळी?"

"कळकटली होती गं पोरी..."

मी फोन ठेवला. माझ्या अंगावर नवं कापड, साबण आणि अत्तर. कामावरचे कपडे घरी धुऊन वाळत घातलेले. तिने ओळखावं असं माझ्यापाशी काही नव्हतं. मी स्वतःसुद्धा नव्हते. व्हॅनमध्ये तिने तोंड का फिरवलं ते आता मला कळलं. तिच्या दृष्टीने मी आज कोणी परकीच होते.

"तिच्या ओळखीच्या वासाचं काहीच नाही," मी म्हणाले. "सगळं धुतलंय. मला पण."

तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगायची हिंमत होत नव्हती, हे मला त्याही वेळी दिसलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"रागावणार नाहीस?"

"आत्ता रागवायला वेळ आहे का मला?"

तो व्हॅनकडे गेला. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून त्याने एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिचं तोंड पक्कं बांधलेलं. गाठ सोडून त्याने आतली वस्तू माझ्यापुढे धरली.

माझा मफलर. लोकरीत अजून मुकीचे पिवळे केस होते, एका कडेला वाळलेलं रक्त होतं. आणि वास... दुधाचा, आंबूस, माझा.

"धुतला नाही," तो म्हणाला.

"कधीपासून आहे हा तुझ्याकडे?"

"त्या संध्याकाळपासून."

"मी रस्ताभर शोधला हा! तुला विचारलंसुद्धा होतं. तू म्हणालास पडला असेल कुठेतरी."

"पडला होता. व्हॅनमध्ये." त्याचे कान लाल झाले होते. "परत देणार होतो. रोज. पण दिला असता तर... धुतला असतास ना."

ओट्यावरून आईचा आवाज आला, "म्हणून व्हॅनला नासक्या दुधाचा वास येत होता होय! मी दोनदा सीट पुसली."

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आवरावं लागलं.

*

मुकी जिथून मक्यात शिरली तिथेच आम्ही मफलर जमिनीवर पसरला. वारा आमच्याकडून आत जात होता, हे एक नशीब. बाजूला मुकीच्या खाऊसाठी आणलेल्या उकडलेल्या कलेजीचे दोन तुकडे. मग बांधावर, ओल्या गवतात, आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलो. त्याचं तोंड रस्त्याकडे, माझं बांधाच्या टोकाच्या कुंपणाकडे. मका आमच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड कोणाचंच नाही.

तेवढ्यात आई फाटकातून बाहेर पडली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप. जन्मभर कुत्र्यांना घाबरलेली ती बाई मोकाट टोळीच्या रस्त्याने, भुरभुरत्या पावसात वाडग्याकडे निघाली.

"मी त्याला चहा पाजते," जाता जाता ती म्हणाली. "हळूहळू पाजते."

ती वळणाआड गेली. उजेड मंदावत होता.

"बोल," मी म्हणाले. "नेहमीच्या आवाजात. शांतता झाली की तिला संशय येईल. आपण शेडमध्ये बोलायचो तसं बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पंपाचं बोल."

"तुमच्या पंपाला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी एक वॉशर बदललं. तेवढंच."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"पाणी व्यवस्थित येत होतं. तू येऊन गेलास की उलट येईनासं व्हायचं."

त्याच्या हसण्याची थरथर माझ्या पाठीला जाणवली. बाजूला मक्यात कुठेतरी एक पान मोडलं. आम्ही दोघंही ताठ झालो.

"वळू नकोस," मी पुटपुटले. "बोलत राहा."

"मला भीती वाटतेय," तो त्याच आवाजात, पंपाचं बोलावं तसं बोलला. "ती सापडली नाही तर तू पुन्हा इथे येणार नाहीस. हे फाटक दिसलं की तुला आजचा दिवस आठवेल. मुकीची भीती आहेच. पण ही पण आहे, आणि मला लाज वाटतेय की ही पण आहे."

मोठ्या रस्त्यावर एक ट्रक भोंगा वाजवत गेला. त्यानंतर मक्यात काहीच हललं नाही. खूप वेळ.

"आता तू बोल," तो म्हणाला. "ती तुझा आवाज ओळखते. तू कुत्री का ठेवत नाहीस ते सांग."

कोणी समोर असतं तर मी सांगितलं नसतं. पण समोर फक्त ओलं कुंपण होतं.

"एक होतं," मी म्हणाले. "लहानपणी. दार उघडं राहिलं. कोणी उघडं ठेवलं ते कधीच कळलं नाही. घरातल्या प्रत्येकाला वाटलं, आपणच. मी कितीतरी दिवस हाका मारत फिरले. हाका मारायच्या नसतात हे कोणी सांगितलं नव्हतं. मग ठरवलं, आपलं म्हणून काही ठेवायचं नाही. दिलं की निदान फाटक दुसऱ्याचं असतं."

त्याचा हात मागे आला आणि गवतावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने माझा हात धरला नाही. कसं बसायचं ते तो शिकला होता.

"बोल ना," मी म्हणाले.

"बोलतो. माझ्या घराला एकच फाटक आहे. कडी जरा सैल आहे, ती उद्या नवी बसवेन. मला तू हवी आहेस. अत्तर नको, दुधाचा वास चालेल. तो मफलर मी रोज पिशवीतून काढायचो आणि परत बांधून ठेवायचो, वास उडू नये म्हणून. हे सगळं मी नीट तोंडाकडे बघून सांगणार होतो. पण तू बघायचं नाही म्हणालीस."

माझ्या बाजूला, अगदी जवळ, पानं दुभंगली.

ओल्या मातीवर पंजे. थांबले. पुन्हा दोन पावलं. दोराचं टोक गवतातून सरपटल्याचा आवाज. मग नाकाचा आवाज, आत ओढलेला, लांब, त्या संध्याकाळी बरणीत घुमायचा तसा. मफलर.

आणि मग मला चावण्याचा आवाज आला.

कलेजी मफलरच्या पलीकडे होती. आवाज अलीकडून येत होता. ती काहीतरी तोंडात घेऊनच आली होती.

वळणापाशी माणसांचे आवाज येत होते. मेंढपाळ निघाला होता. की आधीच फिरून आला होता? त्याने टाकायला सुरुवात केली होती का? दोर... आधी दोर. मी न वळता हात बाजूला सरकवला. गवत, माती, ओलं गवत, आणि मग बोटांना दोराची पिळलेली कड लागली. मी मूठ वळली.

"धरला," मी म्हणाले. आणि मग वळले, मुकीवर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडला. "तोंडात काहीतरी आहे! धर तिला, धर!"

त्याने तिला कवेत घेतलं. मी बोटं घशापर्यंत घातली. ती चावली नाही, फक्त डोळे मोठे करून बघत राहिली. माझ्या हाताला काहीतरी केसाळ, चिवट लागलं. मी ते ओढून बाहेर काढलं आणि उजेडाच्या शेवटच्या तिरिपीत धरलं.

मक्याचं कणीस होतं. कोवळं. अर्धं खाल्लेलं. शेंडीसकट.

आम्ही दोघं त्या कणसाकडे बघत राहिलो. मग तो गवतात मागे कोसळला आणि हसत सुटला, आणि मी मुकीच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागले. मुकीने माझ्या हातातून कणीस काढून घेतलं आणि पुन्हा खायला लागली.

*

आई आणि मेंढपाळ फाटकापाशी आले तेव्हा आम्ही तिघंही चिखलाने माखलो होतो. मेंढपाळाच्या बादलीचं झाकण अजून बंद होतं.

"चार कप चहा पाजला या बाईने," तो म्हणाला. "नको म्हटलं तर म्हणाली, माझ्या चहाला नावं ठेवतोस काय." त्याने मुकीकडे नीट पाहिलं. तिच्या मानेभोवतीचा बिनकेसांचा वळ, लटपटणारे पाय, तोंडातलं कणीस. "ही? ही कोकरू काय मारणार, कोकरूच हिला मारेल."

"उद्या सकाळी काका आणि आम्ही सगळे पिंजरे घेऊन येतो," मी म्हणाले. "टोळी घेऊन जाऊ. आजची रात्र बादली बंद ठेवा."

त्याने बादलीचं झाकण दाबून घट्ट केलं. "आजची रात्र मी वाडग्यात बसून राखण करतो," शेवटी तो म्हणाला. "उद्या टोळी नाही सापडली तर मी कोणाला विचारत बसणार नाही."

तो गेला. भीती संपली नव्हती. फक्त उद्यावर गेली होती, आणि उद्याचं काम मला येत होतं.

आई आत जाऊन दिवा लावत होती. मुकी मफलरवर अंग टाकून पडली होती. मी आवारात उभी होते आणि तो फाटकापाशी, व्हॅनची किल्ली बोटाभोवती फिरवत.

"चल, तुला घरी सोडतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तू उत्तर दिलं नाहीस."

"कशाचं?"

"आता असं नको ना करूस..."

मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट, न घाबरता पाहिलं. केसांना गवत, गालावर चिखल, कान लालबुंद.

"मला अजून भीती वाटते," मी म्हणाले.

"मलाही."

"मग असा उभा काय राहिलास? आधी फाटक."

त्याने मागे वळून पाहिलं. फाटक तसंच उघडं होतं. तो किल्ली खिशात टाकून माझ्याकडे बघत राहिला. मी फाटकाच्या आत आहे की बाहेर, हे त्याला अजून पुरतं समजलं नव्हतं.

"मी आत आहे," मी म्हणाले. "लाव आता."

त्याने फाटक लावलं. मी जाऊन कडी हलवून पाहिली. जरा सैल होती, पण लागली होती. मग मी माझा हात तिथेच, त्याच्या हातावर राहू दिला.

"मफलर मात्र परत हवाय," मी म्हणाले.

"मिळायचा नाही," तो म्हणाला. "मालकीण झोपलीय त्याच्यावर."